इंजिन रामटेकला आहे

नागपूर लहान मोटार मंडळाच्या यंदाच्या पोळ्यात मानाची गाडी म्हणून जिचा पहिला नंबर आला, तिच्यात इंजिन नव्हतं.

पण तसं काही झालं नाही. मंडळाने एकमताने ठरवलं आहे की तसं काही झालं नाही, बॉनेट कोणी उघडलंच नाही, आणि उघडलं असलं तरी आत कोणी पाहिलं नाही. मंडळाच्या ठरावाचा मान राखून आपणही असं धरून चालू की अजून काहीच घडायचं आहे, पोळा चार-आठ दिवसांवर आहे, आणि नागपूरच्या नंदनवन वस्तीत सुशील डाखोळे आपल्या गाडीभोवती चकरा मारतो आहे.

चकरा मारण्याशिवाय त्याला दुसरं कामही नव्हतं. सुशीलचा धंदा कुलरला लावायच्या वाळ्याच्या ताट्यांचा. उन्हाळ्यात तो इतका गुंतलेला असे की कोणी 'वहिनी कशा आहेत' विचारलं तर 'किती बाय किती?' म्हणून विचारी. पावसाळा लागला की नागपुरातले सगळे कुलर माळ्यावर जात आणि सुशील खाली उरे. मग त्याचे पाय थांबत नसत. बसला तर गुडघा हलायचा, उभा राहिला तर खिशातली गाडीची किल्ली बोटांत फिरायची, झोपला तर अंगठे. त्यात यंदाचा पावसाळा सुरुवातीला दोन दणके देऊन गायब झाला होता. कुलर परत काढावेत इतकं ऊन नाही, घरात बसावं इतका पाऊस नाही. हवा नुसती अडून बसलेली.

त्याची गाडी म्हणजे एक जुनी आठशे. चार दारं, त्यातली तीन उघडणारी. रंग पांढरा, असं कागदावर होतं. ती फाटकाच्या आत अशी उभी असे की दामिनीला स्कूटर काढायची तर आधी आडवी, मग तिरपी आणि शेवटी कुंडीवरून काढावी लागे. दामिनी म्हणजे सुशीलची बायको. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिच्याशी वाद घालताना उत्तर आधीच ठरलेलं असे, फक्त पायऱ्या लिहायच्या राहिलेल्या असत.

"अवो, सरळ हिशोब आहे," ती त्या दिवशी कुंडीतली माती परत कुंडीत भरता भरता म्हणाली. "जोवर हे धूड तुमच्या मंडळात आहे, तोवर मी याले गाडी म्हणते. मंडळानं नाव काढलं की भंगार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ताराचंदले बोलावून ठेवलं आहे मी."

"भंगारवाल्याले? आधीच?"

"हाव. नाही लागला तर परत पाठवू. चहा पाजून."

मंडळाचा नियम साधा होता: पोळ्याला जी गाडी आली नाही ती मंडळातून गेली. म्हणजे सुशीलला एवढंच करायचं होतं की गाडी पोळ्याला न्यायची. आणि हे कुठल्याही इतर मोटार मंडळात अशक्य झालं असतं, पण या मंडळात शक्य होतं, कारण या मंडळाच्या पोळ्यात इंजिन सुरू करायला मनाई होती.

हे मनाईचं प्रकरण अध्यक्षांपासून सुरू झालं. अध्यक्ष गोपाळराव कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी टर्बाइनच्या शेजारी उभं राहून झाल्यामुळे 'साखर कमी' हे दोन शब्दसुद्धा ते पलीकडच्या गल्लीत पोचतील अशा बेताने बोलत. गावाकडचं वावर भावाकडे गेलं, बैल त्याच्याही आधी गेले, पण पोळा जवळ आला की गोपाळरावांचे हात शिवशिवत. एका वर्षी त्यांनी ट्रंकेतली बैलाची झूल काढली आणि दारातल्या लहान गाडीवर टाकली. ती मापाने शिवल्यासारखी बसली. ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी मंडळाच्या सगळ्या सभासदांना फोन केले. काहींना फोनची गरज पडली नाही.

तेव्हापासून मंडळात गाड्यांचा पोळा भरतो. एरवी मंडळाचं काम म्हणजे रविवारी सकाळी मैदानावर गाड्या उभ्या करायच्या, तर्री-पोहे खायचे आणि कोणाची गाडी लिटरला किती जाते ते सांगायचं. हा आकडा दर रविवारी वाढे. सचिव प्रेमानंदची गाडी तर अशा टप्प्यावर आली होती की आता पेट्रोल तिनेच पंपाला द्यायचं बाकी होतं. पण पोळ्याला थट्टा नसे. आदल्या दिवशी खांदशेकणी: गाडीच्या पुढच्या दोन्ही मडगार्डांना तूप-हळद लावून, त्यांना कानात सांगितल्यासारखं 'आज आवतण घ्या, उद्या जेवायले या' म्हणायचं. मग झूल, घुंगरमाळ, बेगड. बाजूचे आरसे हे शिंगं की कान, यावरून एका वर्षी मंडळ फुटायला आलं होतं. शेवटी डावा आरसा शिंग आणि उजवा कान असा तोडगा निघाला, आणि आजही सगळ्या गाड्या तशाच सजतात. पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत, म्हणून गाडीचं इंजिनही सुरू करायचं नाही. घरापासून मैदानापर्यंत ढकलत आणायची.

"सालभर थे आपल्याले वाहते," गोपाळराव सांगत आणि हे तीन चौकांत ऐकू जाई. "एक दिवस आपण तिले."

तेव्हा सुशीलने निवांत असायला हवं होतं. पण त्याच्या गाडीची अडचण अशी होती की तिचं इंजिन सुरू करायला मनाई नसती तरी चाललं असतं. इंजिन गाडीत नव्हतंच.

ते ऋषीने काढून नेलं होतं. ऋषी हा मेकॅनिक. हुशार पोरगा, फक्त त्याच्या हाताला सुट्टी ठाऊक नव्हती. इंजिनात टकटक आवाज येतो म्हणून त्याने ते उन्हाळ्याच्या शेवटी उतरवलं आणि 'दोन दिवसांत देतो भाऊ' म्हणाला. त्यानंतर सुशील त्याला जेव्हा जेव्हा भेटला तेव्हा दोन दिवस शिल्लकच होते. घरी सुशीलने सांगितलं की किरकोळ काम आहे. मग सांगितलं की पोळ्याआधी गाडीला आराम द्यायचा असतो. शेवटी गोपाळरावांचा फोन आला, की यंदा परीक्षक म्हणून गावाहून नानाजी येत आहेत, त्यांची नजर फार बारीक आहे, तयारीत राहा. फोन ठेवल्यावर सुशीलचे दोन्ही गुडघे एकाच वेळी हलू लागले. तो उठून सरळ ऋषीच्या शेडवर गेला.

"भाऊ, इंजिन एकदम फर्स्टक्लास झालं," ऋषी म्हणाला. "आवाज बिलकुल गेला. एका फटक्यात सुरू होते."

"मंग बसव ना गा."

"बसवलं ना."

सुशीलने मागे वळून पाहिलं, जणू गाडी त्याच्यामागोमाग आली असावी. "कुठं बसवलं?"

"रामटेकले," ऋषी म्हणाला. "मामाजीच्या पंपाले. टेस्टिंगले नेलं होतं भाऊ. लोडवर पाहा लागते ना. मंग तिकडं पाणीच नाही आलं आभाळातून, अन् मामाजी काही सोडून नाही राहिले."

दुसऱ्या दिवशी सुशील ऋषीच्या मोटरसायकलवर मागे बसून आपल्या इंजिनाला भेटायला गेला. रामटेकच्या अलीकडे डांबरी सोडून ते पांदणीने आत गेले. दोन्ही बाजूंना धान होतं. बाकीच्यांचं धान पिवळं पडत होतं आणि एका बांधापलीकडे अचानक हिरवंगार सुरू होत होतं. तिथे लोखंडी चौकटीवर, पत्र्याच्या छपराखाली, सुशीलचं इंजिन बसलेलं होतं. ते चालू होतं. पाइपातून पाणी भळभळा पडत होतं. सुशीलला वाटलं होतं की आपल्याला राग येईल, पण त्याला आधी आला तो मत्सर. त्याच्याकडे असताना हे इंजिन कधी एका फटक्यात सुरू झालं नव्हतं. थंडीत तर त्याला शपथा घालाव्या लागत.

ऋषीचे मामा धोंडबा बांधावर उभे होते. त्यांची बायको अंजनाबाई इंजिनाच्या छपरावरची पालापाचोळ्याची घाण झाडत होती.

"हेच का थे मालक?" धोंडबांनी विचारलं. "या ना गा. पाणी घ्या. तुमच्याच इंजिनानं काढलेलं हाये."

सुशीलने पाणी घेतलं. नाही म्हणणं हा स्वतःचाच अपमान झाला असता.

"काकाजी, मले इंजिन पायजे," तो म्हणाला. "पोळा आहे."

"पोळा तर आमचा बी हाये. त्या दिवशी बंद ठीवणार आहो त्याले. आराम. पूजा बी हाये, पुरणाची पोळी बी हाये."

"पण माझ्या गाडीत तेच नाही काकाजी. गाडी नुसती उभी आहे."

"गाडी काय खाते?"

"उभी असली तर काही नाही खात."

"मंग थे काही उपाशी मरत नाही," धोंडबा शांतपणे म्हणाले. "धान मरते."

सुशीलने ऋषीकडे पाहिलं. ऋषी धानाकडे पाहत होता. धान चांगलंच आलं होतं, त्याचा कोणाला इलाज नव्हता.

"आम्ही त्याले राजा म्हंतो," अंजनाबाई मधेच म्हणाली. "लय गुणाचं हाये. तुम्ही काय म्हणत होते?"

सुशील आजवर त्याला जे म्हणत होता ते अंजनाबाईसमोर सांगण्यासारखं नव्हतं. "इंजिनच म्हणत होतो," तो म्हणाला.

"म्हणूनच तुमच्याकडं नाही करमलं त्याले."

धान निघालं की घेऊन जा, असं ठरलं. म्हणजे ठरलं ते धोंडबांचं. सुशीलला थोडा वेळ इंजिनाजवळ बसायची परवानगी मिळाली. तो बसला. गुडघा हलायला लागला तर तो नेमका इंजिनाच्या ठेक्यावर हलत होता, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो उठून उभा राहिला. निघताना अंजनाबाईने अंबाडीची एक मोठी जुडी हातात दिली.

घरी दामिनी फाटकात स्कूटर तिरपी धरून उभी होती.

"कुठं गेले होते?"

"रामटेकले."

"काहून?"

"दर्शनाले."

"प्रसाद कुठं आहे?"

सुशीलने अंबाडी पुढे केली. दामिनीने जुडी उलटसुलट करून पाहिली. "रामटेकले प्रसादात अंबाडी कधीपासून देऊन राहिले?" ती म्हणाली आणि भाजी निवडायला आत घेऊन गेली. गणितात ज्याला 'पुढे पाहू' म्हणतात, तसा तिचा चेहरा होता.

पोळ्याच्या दिवशी सकाळी सुशीलने गाडीला झूल घातली, डाव्या शिंगाला बेगड लावली, उजव्या कानावर फुलं लावली, आणि मग चार पावलं मागे सरून पाहिलं. पुढचं वजनच नसल्यामुळे गाडीचं नाक वर उचललेलं होतं. एरवी कव्हरखाली ते दिसत नसे. आज झूल, घुंगरमाळ आणि हार घालून गाडी अशी उभी होती की कोणीतरी तिला हाक मारली आहे आणि ती मान वर करून ऐकते आहे. दगड भरावेत तर पुढे तळच नव्हता, खाली पडले असते. तो स्वतः बॉनेटवर बसून पाहू लागला. नाक खाली गेलं. उतरला की परत वर.

"उतरा तिथून," दामिनी म्हणाली. तिने नवीन साडी नेसली होती आणि हातात पूजेचं ताट होतं. "ढकलायचं आहे ना?"

बाकीच्यांच्या गाड्यांना चार-चार माणसं लागत. सुशीलची गाडी एका हाताने चालायला लागली. म्हणून तो मुद्दाम वाकून, दात-ओठ खाऊन, मोठमोठ्याने कण्हत ढकलू लागला.

"तुम्ही कण्हून काहून राहिले?" दामिनी बाजूने चालता चालता म्हणाली. "थे तर आपोआप चालून राहिली. मीच मागं पडून राहिली."

"उतार आहे वं."

"नंदनवनात उतार?"

यावर तो आणखी जोरात कण्हला.

मैदानावर दोन बांबूंना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं होतं आणि त्याखाली मंडळाच्या गाड्या ओळीत उभ्या होत्या. चारी बाजूंना घामाघूम सभासद बसले होते. मैदानाच्या कडेला मोठ्या मोठ्या गाड्यांतून आलेले लोक काचा खाली करून हे पाहत होते आणि त्यांच्या गाड्यांतला एसी वाया जात होता. प्रेमानंदने हातात माइक घेऊन झडती, म्हणजे पोळ्यात म्हणायचं गाणं, म्हटली:

"चाकात नाही हवा, बायको म्हणे नवी लावा, दुकानदार म्हणे आधी जुनी दावा. एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव."

सगळे हर हर महादेव म्हणाले. प्रेमानंदची गाडी गेली पाच वर्षं मानाची गाडी होती. तिला तो दातांच्या ब्रशने धूत असे, आणि हा ब्रश तिचा वेगळा होता.

मग नानाजी उठले. नानाजी हे गोपाळरावांचे चुलते. आयुष्यभर गावोगावच्या पोळ्यात बैल पारखलेला माणूस. स्टेअरिंगला त्यांनी कधी हात लावला नव्हता आणि लावायची इच्छाही नव्हती. ते ओळीतून सावकाश निघाले. एका गाडीच्या टायरला अंगठ्याने दाबून पाहिलं, जसा खूर पाहतात. दुसरीच्या पाठीवरून हात फिरवला. तिसरीच्या पुढच्या जाळीशी वाकले, दात पाहिले, आणि वय झालं म्हणून मान हलवली. प्रेमानंदच्या गाडीपाशी ते थांबले, तिच्या चकचकीत अंगात स्वतःचं तोंड दिसल्यावर जरा दचकले आणि पुढे गेले.

सुशीलच्या गाडीपाशी ते आले आणि हललेच नाहीत. सुशीलच्या खिशात किल्ली इतक्या जोरात फिरत होती की आवाज येत होता.

"हे कोनाचं हाये?"

"माझी," सुशील म्हणाला.

नानाजींनी काठीने सगळ्या ओळीकडे दाखवलं. "बाकी साऱ्याइनं मान खाली टाकली. काम करू करू मेलेले जनावरं हायेत. अन् हिची पाहा मान. थोडं ढकल तिले."

सुशीलने एका बोटाने ढकललं. गाडी झुळकेसारखी पुढे गेली.

"चाल पाहा," नानाजी म्हणाले. "पाय जमिनीले लागते का नाही लागत, समजत नाही. हाच पयला नंबर."

मैदानात टाळ्या पडल्या. सुशीलच्या गाडीचा आजवर कधी शेवटून तिसऱ्याच्या वर नंबर आला नव्हता, आणि त्यामुळेच एक गोष्ट त्याच्या डोक्यात आलीच नव्हती. ती गोपाळरावांनी सांगितली, आणि ती कोराडीपर्यंत ऐकू गेली असावी.

"आता रीतीप्रमाणे मानाच्या गाडीच्या कपाळाले कुंकू, अन् बॉनेट उघडून इंजिनाले कुंकू. वहिनी, या समोर."

दामिनी ताट घेऊन पुढे आली. सुशील बॉनेटसमोर उभा राहिला.

"बॉनेट अटकून राहिलं भाऊजी," तो म्हणाला. "कपाळालेच डबल लावा ना."

"अटकलं काय," गोपाळराव म्हणाले. त्यांनी आत हात घालून खटका ओढला, झूल बाजूला केली आणि बॉनेट वर उचललं.

आत बॅटरी होती, हॉर्न होता, काच धुवायच्या पाण्याची बाटली होती. आणि मध्ये नंदनवन होतं. मैदानातलं गवत स्वच्छ दिसत होतं. गवतात एक बेडूक बसला होता. वर एकदम उजेड आल्यामुळे त्याने सगळ्यांकडे पाहिलं आणि सगळ्यांनी त्याच्याकडे.

दामिनीने बेडकाकडे पाहिलं, मग सुशीलकडे, मग परत आत. तिचं कुंकवाचं बोट पुढे आलेलं होतं आणि त्याला टेकायला जागा नव्हती. ते थोडा वेळ हवेत राहिलं. मग तिने ते बॅटरीला टेकवलं.

"झालं," ती म्हणाली आणि तिने बॉनेट खाली लावलं.

"झालं कसं?" प्रेमानंद माइकवरच म्हणाला. "आत काहीच नाही. ही गाडी नाही, हे कपाट आहे. मंडळातून नाव काढा याचं."

सुशीलच्या डोळ्यांसमोर ताराचंदचा टेम्पो आला. "इंजिन आहे," तो म्हणाला. "एकदम फर्स्टक्लास आहे. चालू आहे. फक्त इथं नाही."

"कुठं आहे?"

"रामटेकले. पाणी देऊन राहिलं."

गोपाळरावांनी डोळे मिटले. कोराडीत असताना मोठा बिघाड झाला की ते असेच डोळे मिटत आणि सगळं खातं श्वास धरून उभं राहत असे. "नियम काय आहे?" त्यांनी डोळे उघडून विचारलं. "पोळ्याले गाडी आली पायजे. आली. इंजिन सुरू कराचं नाही. केलं नाही. प्रेमानंद, नियम तर यानं आपल्याहून जास्त पाळला."

"आम्ही पाळतो भाऊजी. याची मजबुरी आहे."

"कोणाच्या मनात काय आहे थे मंडळ पाहत नाही."

वाद वाढला. अर्धे सभासद म्हणाले नंबर रद्द करा. तेव्हा नानाजींनी काठी आपटली.

"मी देल्ला नंबर आजलोक कोनं वापस नाही घेतला," ते म्हणाले. "एका साली बैल आंधळा निघाला, तरी नंबर ठीवला. पोळ्यात बैलाच्या पोटात काय हाये थे पाहत नाहीत. तुम्ही उघडलं कायले?"

प्रेमानंदच्या हळूहळू लक्षात आलं की नंबर कायम राहिला काय आणि रद्द झाला काय, आपली गाडी एका रिकाम्या गाडीच्या मागे आली ही बातमी गावभर होणार. त्याने माइक बंद केला आणि स्वतःच सूचना मांडली की बॉनेट उघडलंच गेलं नाही. सगळ्यांचे हात वर गेले. दामिनी सभासद नव्हती, पण तिचाही हात वर गेला. सुशीलला जरा बरं वाटलं.

परत येताना तो कण्हला नाही. दोघं दोन बाजूंनी ढकलत होते, म्हणजे नुसते हात लावून चालत होते.

"कधीपासून?" दामिनीने विचारलं.

"उन्हाळ्यापासून."

"अन् मी साऱ्या शाळेत सांगून राहिली का किरकोळ काम आहे."

"मंडळानं नाव ठेवलं ना पण," सुशील म्हणाला. "तूच म्हणाली होती. मंडळात आहे तोवर गाडी."

"इंजिन म्हणजे मोटार. इंजिन नाही, म्हणजे मोटार नाही. मोटार नाही, तर मोटार मंडळात कशी? मंडळात नाही म्हणजे भंगार." ती पुढे पाहत म्हणाली. "सकाळी ताराचंद येते."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर त्याला काही बोलता आलं असतं. ती तसं नुसतं सोडवून दाखवत होती. सुशील गाडीच्या मानेवर हात ठेवून चालत राहिला. ती वर होती.

सकाळी ताराचंद आला नाही. मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक होती आणि शहराचा अर्धा भाग बंद होता. सुशील फाटकापासून कोपऱ्यापर्यंत आणि कोपऱ्यापासून फाटकापर्यंत येरझारा घालत राहिला. लांबून ढोल ऐकू येत होते. सारी इडा-पिडा घेऊन जा म्हणत लोक मारबत नेतात, तेव्हा दामिनी गच्चीतून म्हणाली की थे या धुडाले बी नेत असतील तर विचारून पाहा. दुपार कलल्यावर ताराचंदचा टेम्पो वळला. त्यातून ताराचंद उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढचं टोक एका हाताने उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"इंजिन काढून घेतलं का भाऊ? चांगलं केलं. बाकी पत्रा आहे."

"पत्रा नाही," सुशील म्हणाला. "मानाची गाडी आहे."

"कागदपत्र क्लिअर आहेत ना? लोन नाही, केस नाही, कुठं अर्ज-बिर्ज पेंडिंग नाही?"

"असला तर?"

"असला तर आपण हात लावत नाही," ताराचंद म्हणाला. "मागं एकाचा ट्रॅक्टर उचलला. त्याचा कुठंतरी अर्ज होता. अजून जाऊन राहिलो तारखांले. जोवर साहेबाचं उत्तर येत नाही तोवर माल जिथं आहे तिथं."

सुशीलचा खिशातला हात थांबला. त्याने गच्चीकडे पाहिलं. दामिनी कठड्यावर वाकून ऐकत होती.

"अर्ज आहे," तो म्हणाला.

"कशाचा?" दामिनीने वरून विचारलं.

"वर्ग बदलून मिळण्याचा. हिले मोटार म्हणता येत नाही हे तूच सिद्ध केलं."

दामिनीच्या स्वतःच्याच पायऱ्या होत्या, आणि तिने त्या पुन्हा एकदा तपासून पाहिल्या.

"दाखवा मग," ती म्हणाली. "मी पाहीन. उत्तर येईस्तोवर राहू द्या. उत्तर आलं की त्या दिवशी भंगार."

"पाच मिनिटं थांबा, चहा घ्या," सुशील ताराचंदला म्हणाला आणि आत गेला. टेबलाशी तो बसला, आणि उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच त्याचा गुडघा हलला नाही. ताराचंद खाली चहा फुंकत होता तोवर त्याने लिहिलं ते असं:

प्रति,
मा. अधिकारी महोदय, वाहन नोंदणी विभाग.

विषय : वाहनाची नोंद बैल या वर्गात करून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, माझ्या मालकीचे हलके मोटार वाहन हे आजमितीस हलके आहे, वाहनही आहे, तथापि त्यात मोटार नाही. सदर मोटार रामटेक तालुक्यात शेतीकामावर हजर असून तिची तेथील वर्तणूक चांगली आहे. उर्वरित भागाची तज्ज्ञ परीक्षकांनी पोळ्याच्या दिवशी प्रत्यक्ष तपासणी केली असून मान, पाठ व चाल उत्तम असल्याचा निर्वाळा दिला आहे. सदर भाग धूर सोडत नाही, आवाज करीत नाही व काही खात नाही. त्याचे डावे शिंग शाबूत आहे. उजव्या बाजूस कान आहे.

तरी सदर वाहनाचे नाव मोटार या वर्गातून कमी करून बैल (नग एक, रंग पांढरा, दारे चार) या वर्गात दाखल करावे, त्यास दरवर्षी पोळ्याची भरपगारी सुट्टी मंजूर करावी, आणि या अर्जावर अंतिम निर्णय होईपर्यंत सदर बैल अर्जदाराच्या फाटकात, अर्जदाराच्या पत्नीची स्कूटर निघेल इतकी जागा सोडून, आहे त्या स्थितीत बांधून ठेवण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.